शतावरी उंदरांनी खाल्ली

गेर्लिंडच्या खुब्याचं ऑपरेशन एप्रिलच्या मध्यावर ठरलं, तेव्हा तिने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. मे महिन्यात मला वाकता येईल का?

"वाकण्याचं नाव तीन महिने काढायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

तारीख पुढे ढकलता येते का, हेही तिने पाहिलं. पण गेल्या हिवाळ्यापासून जिना चढताना तिला दात आवळावे लागत होते, आणि ही तारीख हुकली तर पुढची थेट ऑक्टोबरातली होती. शेवटी ती हो म्हणाली, पण मन बागेतच राहिलं.

मे महिन्यात एवढं अडलं होतं ते शतावरीसाठी. माइन नदीकाठच्या त्या गावात प्रत्येक घरामागे बाग आहे. मुळे, पालक, नवलकोल, वाटाणा सगळेच लावतात. शतावरीचे पांढरे कोंब मात्र लोक रस्त्याकडेच्या टपरीवरून विकत आणतात, कारण ती घरी लावायची म्हणजे धीर लागतो. पहिल्या वर्षी मुळं चरात पुरायची. दुसऱ्या वर्षी जे उगवेल ते उगवू द्यायचं, हात लावायचा नाही. तिसऱ्या वसंतात वर मातीचा उंच वरंबा रचायचा आणि आत दडलेले कोंब उजेड दिसायच्या आत कापायचे, तेही पहिल्या खेपेला जेमतेम दोन आठवडे. जास्त कापलं की मुळं दमतात. गेर्लिंडने साठी उलटल्यावर हा घाट घातला होता. दुखऱ्या खुब्यानिशी तिने स्वतः चर खणला, वाळू कालवली, बावीस मुळं बोटांनी पसरून बसवली.

"तीन वर्षं थांबायचं?" तिचा नवरा ओटमार तेव्हा म्हणाला होता. "टपरीवर तीन मिनिटांत मिळते."

"तू टपरीची खा. मी माझी खाईन."

ओटमार नदीच्या लॉकवर, जहाजांना वरच्या-खालच्या पाण्यात नेणाऱ्या बंदिस्त हौदावर, नोकरीला होता. जहाजं दारांत घ्यायची, पाणी भरायचं, सोडायचं, असं चौतीस वर्षं करून तो निवृत्त झाला होता. मुळातच कमी बोलणारा माणूस. घरी तर त्याचं निम्मं बोलणं 'हं'मध्येच उरकायचं. गेर्लिंडला त्याची सवय होती. तिला बोलायला रोझविता होती ना.

रोझविता शेजारीण. पहिलीच्या वर्गात दोघी एका बाकावर बसल्या, त्या आजतागायत उठल्या नाहीत असं गाव म्हणायचं. दोघींच्या बागांमधल्या कुंपणाला रोझविताच्या नवऱ्याने, एगोनने, एक छोटं फाटक बसवलं होतं, म्हणजे साखर मागायला रस्त्याने वळसा नको. एगोन गेला त्या हिवाळ्यात गेर्लिंड रोज संध्याकाळी त्या फाटकातून जाऊन रोझविताजवळ बसली होती, नाताळपासून ईस्टरआधीच्या उपवासांपर्यंत, एकही दिवस न चुकवता.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी गेर्लिंडने दोघांना वरंब्याजवळ उभं केलं. वरंब्यावर काळं प्लास्टिक ताणलेलं होतं.

"ऐका. मी येईपर्यंत याला हात लावायचा नाही. वर येतील ते कोंब येऊ देत, वाढू देत. मी आल्यावर जे निघतील ते पहिले. आपण तिघं मिळून खायचे."

"आणि वाईन?" रोझविताने विचारलं.

"वाईन तू आण. हॅम मी आणते. ओटमार बटाटे सोलेल."

"हं," ओटमार म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. दहा दिवसांनी तिला डोंगराकडच्या आरोग्यधामात हलवलं. तिथे दिवसभर चालणं, पाण्यातला व्यायाम, कुबड्या कशा टेकायच्या त्याचे धडे. जेवायला रोज सपक रस्सा. ओटमार एक दिवसाआड फोन करायचा आणि हवा कशी आहे ते सांगायचा. रोझविता रोज करायची.

मेचा पहिला आठवडा सरता सरता एका दुपारी रोझविताचा फोन आला. "गेर्ली, बसली आहेस का गं?"

"हल्ली दुसरं काय करते मी?"

"तुला सांगू की नको असं झालंय." थोडं थांबून ती म्हणाली, "वरंबा रिकामा आहे. उंदीर. शेतातले ते आखूड शेपटीचे. मुळं खाऊन टाकली मेल्यांनी."

"सगळी?"

"काल ओटमारने जरा उकरून पाहिलं. काहीच नाही उरलं."

गेर्लिंड तशी कणखर बाई. पायाचं हाड कापलं तेव्हा रडली नव्हती, पण आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का. फोनवर रोझविता म्हणत होती, "रड, रड. मोकळी हो. आपण पुन्हा लावू. मी खणीन तुझ्याबरोबर." मग तिने ओटमारला फोन दिला.

"खरं का रे?" गेर्लिंडने विचारलं.

"हो गं," ओटमार म्हणाला. "गेलं सगळं."

त्या रविवारी रोझविता भेटायला आली. गेर्लिंडच्याच बागेतले लालचुटुक मुळे, पहिला कोवळा नवलकोल, कांद्याची पात आणि घरचं पाव-लोणी असं टोपलीभर घेऊन आली. दोघी बाहेर बाकावर बसल्या. रोझविताने नवलकोल सफरचंदासारखा सोलून फोडी केल्या, मुळे मिठात बुडवून गेर्लिंडच्या हातात दिले. महिन्याभराच्या सपक जेवणानंतर तो मुळ्याचा तिखट कडकडीत घास जिभेवर पडला आणि गेर्लिंडला घरी आल्यासारखं वाटलं. "तू आहेस म्हणून," ती म्हणाली. रोझविताने तिचा हात थोपटला आणि रुमालाने आधी तिचे, मग स्वतःचे डोळे पुसले.

मेच्या चौथ्या आठवड्यात ओटमार तिला न्यायला आला. तो उन्हाने रापला होता, चेहऱ्यावर तरतरी होती. गाडीत त्याने शीळ घातली. चार सूर वाजवले आणि एकदम थांबला. गेर्लिंडला बरं वाटलं. माणूस एकटा राहूनही सुकला नाही, म्हणाली मनाशी.

घरी रोझविताने टेबल मांडून ठेवलं होतं. नवलकोलाची पांढरी भाजी, खिम्याचे गोळे, बागेतल्या सॅलडची पानं. खुर्चीवर उंच उशी. सगळं कसं जिथल्या तिथे. जेवणं झाली, रोझविता फाटकातून घरी गेली. गेर्लिंड कुबड्या टेकत न्हाणीघरात गेली आणि दारातच थबकली.

शतावरी खाणाऱ्याला हा वास सांगावा लागत नाही. खाल्ल्यावर काही तासांत लघवीला येणारा तो उग्र, उकडलेल्या कोबीसारखा वास. लपवून लपत नाही.

बाहेर येऊन ती सहज म्हणाली, "टपरीवरची शतावरी आणली होतीस का?"

ओटमार पेला विसळत होता. "नाही. यंदा एकदाही नाही खाल्ली. तुझ्याशिवाय काय खायची."

संध्याकाळी चहाबरोबर सफरचंद सोलावं म्हणून गेर्लिंडने सोलाणं काढायला खण उघडला. सोलाणं तिथे नव्हतं. एकोणचाळीस वर्षं ते वरून दुसऱ्या खणात होतं, आता सापडलं चौथ्यात, मोठ्या चमच्यांबरोबर. रोझविताच्या स्वयंपाकघरात ते मोठ्या चमच्यांबरोबरच असतं.

सकाळी ओटमार पाव आणायला गेला, तशी ती मागच्या दाराने बागेत उतरली. वरंब्याशी गेली. काळं प्लास्टिक नीट ताणलेलं, कडेला विटा ठेवलेल्या. खाली वाकून ते उचलायची तिला बंदी होती. एक कुबडी विटेखाली घालून पाहिली, वीट हलेना. मग ती वळली ती बागेच्या कोपऱ्यातल्या खताच्या पेटीकडे. पेटी कमरेइतकी उंच. कुबडीच्या टोकाने तिने झाकण ढकललं.

वर कापलेलं गवत होतं. ते तिने बाजूला सारलं. खाली सालं होती. लांब, पातळ, पांढरट फिती, अजून ओलसर. काल सकाळचीच. त्याखाली गवताचा थर, मग पुन्हा सालं, पिवळी पडलेली. मग कॉफीचा चोथा, अंड्यांची टरफलं आणि पुन्हा सालं, तपकिरी, चिकट. ती कुबडी खाली खाली खुपसत गेली. ज्या दिवशी फोनवर ती रडली होती, त्या दिवसाच्याही पार खालपर्यंत सालं लागली.

पेटीची कड धरून ती बराच वेळ उभी राहिली. खुबा ठणकायला लागला होता, पण तिथून हलावंसं वाटेना. नवरा खोटं बोलला याचं तिला दुःख झालंच. पण आठवत राहिला तो बाक. मिठात बुडवलेले मुळे, आणि डोळे पुसणारा रुमाल.

दुपारी तिने फाटकापाशी जाऊन हाक मारली, "रोझी, कॉफी टाकलीय. ये."

रोझविता केक घेऊन आली. बागेत टेबल मांडलं होतं. गेर्लिंड उंच खुर्चीवर बसली होती, शतावरीच्या वरंब्याकडे तोंड करून. कॉफी ओतून झाल्यावर ती ओटमारला म्हणाली, "तेवढा खणायचा काटा आण. तो वरंबा उपटून टाक. रिकामी जागा कशाला अडवून ठेवायची? मला तिथे लीकचे कांदे लावायचेत."

ओटमारने कप खाली ठेवला. "बघू सावकाश. तू बरी हो आधी."

"लीक आता लावायचा असतो. बरी होईपर्यंत थांबत नाही तो."

"माती वाळलीय."

"वाळू आहे ती, ओटमार. वाळूला काय वाळायचंय? आण काटा."

रोझविता केकच्या तुकड्याला चमच्याने टोचत होती. ओटमारने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं अर्ध्या क्षणाचं असेल, पण गेर्लिंडने ते टिपलं. आपल्याकडे त्याने असं मदत मागत कधी पाहिलं होतं, हे तिला आठवेना.

तो उठला. छपरीतून काटा आणला. विटा सरकवल्या, प्लास्टिक गुंडाळलं. वरंब्यावर कापल्याच्या खुणा होत्या, माती पुन्हा थापटून गुळगुळीत केलेली. दोन ठिकाणी मातीला बारीक तडे गेले होते. आत कोंब वर येताना जातात तसे. गेर्लिंडला खुर्चीवरूनही ते दिसले. ओटमारने एका टोकाला काटा रोवला, पाय दिला आणि दांडा मागे ओढला. मुळं तुटल्याचा आवाज आला, जाड दोऱ्या तुटाव्यात तसा. मातीबरोबर एक भला मोठा झुबका वर आला. बोटांएवढी जाड, फिकट, रसरशीत मुळं आणि मधोमध चार पांढरे कोंब.

"हे एक वाचलेलं दिसतंय," ओटमार म्हणाला.

रोझविताचा चमचा बशीवर वाजला.

"मग दुसरं खण," गेर्लिंड म्हणाली.

त्याने पुढच्या जागी काटा टेकवला. खरंच टेकवला. पाय उचलून काट्यावर ठेवला. तीन वर्षांचं जिवंत मूळ आता तुटणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो थांबणार नव्हता. कबूल करण्यापेक्षा बावीसच्या बावीस उपटणं त्याला सोपं वाटत होतं.

"ओटमार, पुरे," रोझविता म्हणाली. "तिला माहीत आहे."

तो तसाच उभा राहिला, पाय काट्यावर.

"कधीपासून?" गेर्लिंडने विचारलं. प्रश्न रोझविताला होता.

"तू आरोग्यधामात गेलीस त्या आठवड्यापासून. प्लास्टिकच्या कडेने एक कोंब वर आला होता, उन्हाने जांभळा व्हायला लागला होता. म्हटलं वाया जाईल. एकच कापला. मग दुसऱ्या दिवशी चार." तिने केकची बशी बाजूला सारली. "एगोन गेल्यापासून मी एका माणसापुरते बटाटे उकडते, गेर्ली. किती वाईट दिसतं ते पातेल्यात, तुला नाही कळायचं. समोर बसून कोणीतरी मीठ मागितलं, एवढंच. मला ते सोडवेना."

"मीठ मागायला शतावरीच लागते? नवलकोल नव्हता? पालक नव्हता?"

"तो म्हणाला, शतावरी."

"आणि उंदीर? उंदीर कोणाचे?"

काट्यावरचा पाय काढत ओटमार म्हणाला, "माझे. तू दर फोनला विचारायचीस, किती वर आले, किती वर आले. काय सांगणार होतो?"

"खरं."

"तू ओरडली असतीस."

"मग ओरडले असते. फोनवरून किती ओरडता येतं?" ती रोझविताकडे वळली. "मला सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, खा. भूक लागलीय तर खा."

रोझविताने मान वर केली. "नसतंस म्हटलंस."

ते खरं होतं. गेर्लिंड म्हणाली असती, थांबा, मुळं दमतील, मी येते. तिलाही ते ठाऊक होतं, आणि रोझविताला ते ठाऊक आहे याचा तिला अधिकच संताप आला. साठ वर्षांत हिने आपल्याला आतून-बाहेरून ओळखलं, आणि त्या ओळखीचा उपयोग केला तो यासाठी.

"खाल्लंत ते खाल्लंत," ती सावकाश म्हणाली. "पण तू मला रडू दिलंस, रोझी. वर म्हणालीस, मोकळी हो. माझ्याच बागेतले मुळे मला भरवलेस आणि माझे डोळे पुसलेस. घरी जाऊन त्या संध्याकाळी काय शिजवलंस?"

रोझविता उठली, केकचं ताट तसंच ठेवून फाटकातून गेली. तिच्यामागे फाटक उघडंच राहिलं. गेर्लिंडने ओटमारकडून बागेची हिरवी सुतळी मागून घेतली आणि उभ्या उभ्या, एका कुबडीवर रेलून, स्वतःच्या हाताने ते बांधून टाकलं.

उपटलेला झुबका ओटमारने पुन्हा पुरला. तो जगेल की नाही हे पुढच्या वर्षीच कळायचं. बाकीच्या वरंब्यावर गेर्लिंडने प्लास्टिक पुन्हा घालू दिलं नाही आणि एकही कोंब न कापता सगळे वाढू दिले. कोंब आले ते पेन्सिलीएवढे बारीक. चार आठवडे रोज कापल्यावर मुळांत काय राहणार? तिने त्यातला एकसुद्धा चाखला नाही. रोझविता दोनदा सुतळी बांधलेल्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा हाकही मारली. मग उन्हाळ्यापुरती ती बांबेर्गला बहिणीकडे गेली, असं पाववालीकडून कळलं. हांबुर्गला असलेली मुलगी योहाना फोनवर म्हणाली, "आई, अगं भाजीवरून?" गेर्लिंडने तिला समजावत बसण्याऐवजी व्यायामाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटाणा तयार झाला. वेल जाळीवर छातीइतके चढले होते, म्हणून न वाकता हाताला येतील तेवढ्या शेंगा गेर्लिंडला तोडता आल्या. खालच्या ओटमारने तोडल्या. दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी शेंगा सोलत बसले. दाणे इतके कोवळे की अर्धे भांड्यात आणि अर्धे तोंडात जात होते. तिने ते लोण्यावर नुसते परतले, वर चिमूटभर साखर आणि पुदिना. चव अगदी हवी तशी जमली होती. इतकं गोड काही आपण यंदा खाल्लं नाही, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, या दोघांनी खाल्लंय.

"तुम्ही रोज बोलत काय बसायचात?" तिने विचारलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिने तो विषय काढला.

"ती नाही बोलायची फारशी. मीच बोलायचो."

"तू?"

"हं."

"काय?"

ओटमार दाणे काट्याने गोळा करत राहिला. "असंच. लॉकवरचं. एकदा एक डच जहाजवाला होता. योहाना दोन वर्षांची असेल तेव्हा. म्हणाला, माणूस हवाय, चल रॉटरडॅमला. मी घरी येऊन पिशवी भरली होती. मग परत रिकामी केली."

गेर्लिंडचा हात थांबला. ती त्या दिवशी कुठे होती, काय करत होती, हे आठवायचा तिने प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही. घरात एक पिशवी भरली गेली आणि रिकामी झाली, आणि ती बहुधा बागेत होती.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी बसली नाहीस."

"आता बसलेय. दीड महिना बसूनच आहे. सांग."

त्याने सांगितलं. जहाजाचं नाव सांगितलं, त्या माणसाची दाढी कशी होती ते सांगितलं, त्या दिवशी पाऊस होता असं म्हणाला. मग थांबला.

"एवढंच?"

"हं." त्याने ताट पुढे सारलं. नंतर, ती बघत होती म्हणून असेल, किंवा आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून असेल, तो म्हणाला, "तिला सांगताना जास्त होतं."

गेर्लिंडने भांड्यातले उरलेले वाटाणे त्याच्या ताटात वाढले. मग कुबड्या ओढून घेतल्या, उठली, आणि भांडं घासायला घेतलं.